भागाआत्याचं भांडण

कुंभिवलीजवळ हमरस्त्याच्या कडेला तेव्हा खडीचे ढीग असायचे आणि त्या ढिगांच्या मागे आमचं घर होतं. घर म्हणजे कारवीचा कूड, वर पेंढा. आजा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. धुळीनं छाती भरून तो गेला, तेव्हा माझ्या वडिलांना मिसरूडही फुटलेलं नव्हतं आणि सुदामकाका तर अंगावर पिणारा. मग आजी आणि तिची थोरली लेक, म्हणजे माझी भागाआत्या, अशा दोघी ढिगापुढे बसल्या. बोटांना सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळायचं, एका हातानं दगड धरायचा, दुसऱ्यानं हातोडी मारायची. पाणी गावच्या विहिरीवरून आम्ही काढायचं नाही, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. एक वेळ नाचणीची आंबील मिळाली तरी दिवस बरा गेला असं म्हणायचे. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. पण घरात ते इतक्या वेळा बोललं गेलं की मी पाहिल्यासारखं सांगू शकते.

आत्या भांडायला शिकली ती तिथंच. मुकादम खडी मापायला आला की मापाची पेटी हलवून हलवून, वरून पाय देऊन भरायचा, म्हणजे तेवढ्याच मापात जास्त खडी मावते. बायका खाली मान घालून बघत राहायच्या. एक दिवस आत्या उठली आणि रिकाम्या पेटीत जाऊन बसली. म्हणाली, आता हालवा. मुकादमानं शिव्या दिल्या, आजीनं कपाळावर हात मारला, आत्या बसलेलीच. सावली पार पलीकडे सरकली तेव्हा कुठे मुकादम कबूल झाला, की पेटी हलवणार नाही. आत्या तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल.

छप्पन्न साली आमची माणसं बौद्ध झाली. घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडायचं ठरलं तेव्हा आजी टोपलीला हात लावेना. टोपली डोक्यावर घेऊन पुढे चालली ती आत्या. पुढे तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही आणि ती परत कुंभिवलीला आली. घाट चढायच्या आधी ट्रकवाले जिथं इंजिनाला पाणी पाजायला थांबतात, तिथं तिनं चहाची टपरी टाकली.

दिसायला आत्या काटकुळी होती. नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आवाज मात्र असा की घाटातल्या ट्रकच्या भोंग्यालाही गप बसावं लागे. तिची भांडणं चिडून नसत. सकाळी दात घासावेत तशी ती भांडायची आणि झालं की चेहरा अगदी स्वच्छ. ज्याच्याशी भांडली त्यालाच ती पहिला चहा द्यायची. म्हणायची, "बोलून टाकलं का पोट हलकं हुतं. गप बसतो ना, त्याचाच मला भरोसा नाय."

एस.टी.ची गाडी आमच्या फाट्यावर थांबायची नाही. बाळंतपणाच्या बायकाही लांब मागं उतरून चालत यायच्या. आत्या एक दिवस चहाची किटली घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडी थांबली, कंडक्टर खाली उतरला आणि दोघांची जुंपली. भांडता भांडता आत्या खिडक्या-खिडक्यांतून प्रवाशांना चहा देत होती. प्रवासी साहजिकच तिच्या बाजूचे झाले. दुसऱ्या दिवशी हाच कार्यक्रम, तिसऱ्या दिवशी परत. शेवटी ड्रायव्हरच कंडक्टरला म्हणाला, बाबा, इथं थांबायचं लिहून घे, चहा बरा असतो.

माझ्या शिक्षणासाठीही ती भांडली. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी माझ्यासाठी स्थळ पाहायला सुरुवात केली होती. आत्यानं हा विषय नेमका एका लग्नाच्या पंगतीत काढला आणि भात वाढल्यापासून पाणी पिईपर्यंत वडिलांना सोडलं नाही. सगळी पंगत ऐकत होती. वडील ताटावरून उठताना म्हणाले, बाय, घाल तिला कॉलेजात, पण मला जेवू दे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. मी बी.एस्सी. झाले, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आज कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवते.

माझा निकाल लागल्याच्या पुढच्या वर्षी सुदामकाका आजारी पडला. काका खालापूरकडच्या एका कारखान्यात फिटर होता, वय तिशीच्या आत, दहिवलीची बायको, घरात एक लहान मुलगी. आधी दम लागायला लागला, मग डाव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. आत्या म्हणाली, पाणथरी वाढलीय, आणि ते खरंच होतं. पण पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती ती रक्तामुळं. पांढऱ्या पेशी बेसुमार झाल्या होत्या. रक्ताचा कॅन्सर. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, गोळ्यांनी दोन-चार वर्षं ढकलता येतील, मग तो एकदम उसळेल. मुळापासून जायचा असेल तर नवीन उपाय आहे : भावा-बहिणीच्या हाडातला मगज काढून याला द्यायचा. आपल्याकडे तेव्हा हे नुकतंच सुरू झालं होतं. कारखान्यातल्या लोकांनी आणि एका ट्रस्टनं खर्चाचा भार उचलला, म्हणून तरी ते आमच्या आवाक्यात आलं.

जुळणी पाहायला वडिलांचं आणि आत्याचं रक्त घेतलं. वडील फार उत्सुक होते, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना धाकट्या भावासाठी काहीतरी मोठं करायला मिळणार होतं. जुळलं आत्याचं. वडिलांचं तोंड उतरलं. काका मात्र पलंगावर आडवा पडून म्हणाला, "मेलो. आता हिचं रक्त माझ्या अंगात येनार. मी माझ्याशीच भांडत बसंन."

आत्या म्हणाली, "तू नुस्ता ऱ्हा रं जित्ता, मग भांड कुनाशी बी."

त्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई वयानं तरुण होत्या. बोलायच्या हळू, पण काही लपवायच्या नाहीत. त्यांनी सांगितलं : आधी काकाचा स्वतःचा मगज औषधानं आणि किरणांनी पूर्ण मारायचा, मग आत्याचा द्यायचा. मधल्या काळात त्याला साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. मी बाजूला उभी राहून अवघड शब्द सोपे करून सांगत होते. आत्यानं एकच विचारलं, हाड कुठलं घेणार? कमरेचं, बाई म्हणाल्या. "घ्या मग," आत्या म्हणाली, "खडी फोडून फोडून पक्कं झालंय."

तिला भूल देऊन कमरेच्या हाडात जाड सुया घातल्या, कितीतरी वेळा. शुद्धीवर आली तेव्हा कंबर बांधलेली होती आणि पहिलं वाक्य होतं की मला पिशवी दाखवा. पिशवी काकाच्या खोलीकडे गेली होती. आम्ही तिला खुर्चीत बसवून काचेपर्यंत नेलं. आत काका पांढऱ्या चादरीत, डोक्यावर एक केस नाही, आणि खांबाला टांगलेली पिशवी. ती दिसायला रक्ताच्या बाटलीसारखीच होती, नळीतून थेंब थेंब त्याच्या शिरेत जात होतं. आत्याला वाटलं होतं की त्याचंही हाड उघडून आत भरणार. पिशवीकडे बोट करून ती म्हणाली, "येवढंच? मग कमरेला कशाला हात लावला, हातातनंच घ्यायचं हुतं."

बाईंनी समजावलं की या बिया आहेत, त्या रक्तातून वाट काढत हाडात जातील आणि तिथं रुजतील. आपण फक्त थांबायचं. थांबणं आत्याला कधी जमलं नव्हतं. काचेबाहेर उभी राहून ती काकाशी हातवारे करून भांडायची. त्यानं पेज अर्धी टाकली की बाहेरून मूठ दाखवायची. तो आतून जीभ काढायचा. तोंडातल्या फोडांनी जीभ काढणंही त्याला जड जात होतं.

शेवटी पेशी वाढायला लागल्या. रुजलं, बाई म्हणाल्या. आम्ही वॉर्डात पेढे वाटले. बाईंनी पेढा घेतला, पण त्या अजून मोकळ्या हसत नव्हत्या, हे मला दिसलं.

काही दिवसांनी काकाचे तळहात लाल झाले. मग तळपाय, कानाच्या पाळ्या, मग छाती. भाजल्यासारखी कातडी सुटायला लागली, जुलाब लागले, डोळे पिवळे दिसायला लागले. काकू काचेला कपाळ टेकून उभी राहायची. बाई म्हणाल्या की आत्याच्या पेशी काकाच्या अंगाशी भांडत आहेत. हे वाक्य काकूच्या आईनं, म्हणजे दहिवलीच्या विहीणबाईंनी, ऐकलं. विहीणबाईंचं आणि आत्याचं लग्नापासून वाकडं होतं. त्यांना हळदी, घाणा, सगळे जुने विधी रीतसर हवे होते, बौद्ध लग्न म्हणून आत्यानं एकही होऊ दिला नव्हता. कॉरिडॉरमध्ये सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, "द्यायचं तर मनापास्नं द्यावं. मनात ठेवून दिलं का असंच हुतं."

मी आत्याकडे पाहिलं. आता सुरू होणार, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. आत्यानं नुसता पदर सारखा केला, आपली पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली.

त्या दिवसापासून कुंभिवलीला एक वेगळीच आत्या दिसायला लागली. तिनं तिखट सोडलं. सुकट, बोंबील, लसणाची चटणी, ज्याच्याशिवाय तिचा घास उतरायचा नाही, ते सगळं बंद. पेज, ताकभात, सकाळी भिजवलेला सब्जा. आणि भांडणही बंद. एका ट्रकवाल्यानं तिचा काचेचा ग्लास फोडला आणि सवयीनं कान पाडून उभा राहिला. आत्या म्हणाली, असू दे. तो इतका घाबरला की शेजारच्या पंक्चरवाल्याला विचारून आला, बाईला काय झालंय. नळावर शेजारची कमळाबाई मुद्दाम मध्ये घुसली, आत्या मागं सरकली. कमळाबाईनं हंडा तसाच ठेवला आणि संध्याकाळी सुंठ घेऊन विचारपूस करायला आली. एस.टी. फाट्याच्या पुढे जाऊन थांबली तरी आत्या गुमान चालत गेली. कंडक्टरलाच कसंतरी झालं असावं, दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी अगदी टपरीसमोर उभी केली. वडील मला म्हणाले, "सुनंदा, सुदामाची भीती व्हती तेवढी व्हतीच. बाय गप बसली, आता माझं हातपाय गळालं."

का, ते ती कुणाला सांगेना. मी विचारलं तर म्हणायची, तुझं तू बघ गं.

काकाला ते भांडण शांत करायची औषधं चालू होती. एका दिवशी वाटायचं उतरतंय, दुसऱ्या दिवशी पुन्हा कातडी लाल. अशातच आत्या माझ्याबरोबर हॉस्पिटलात आली आणि काचेपुढे उभी असताना तिला घेरी आली. डॉक्टरीणबाईंनी तिला बाकावर बसवलं, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि विचारलं, काय खाता? आत्यानं तोंड काचेकडे फिरवलं. मग मीच सांगितलं : पेज आणि ताक. का, म्हणून बाईंनी विचारलं तेव्हा आत्याचा बांध फुटला.

"माझं रगत हाय ना त्याच्यात," ती म्हणाली. "मी हितं तिखट खानार, लोकांशी भांडनार, म्हंजे ते तितं भांडनारच की. मी थंड झाली तर ते बी थंड हुईल. पन हुईत नाय. मी मनापास्नं दिलंय वो बाई. तुमी सुईनं काढलंत तवा तुमाला दिसलं आसंल."

बाई हसल्या नाहीत, हे मी त्यांचं मोठेपण समजते. त्या तिच्या शेजारी बाकावर बसल्या. म्हणाल्या, त्या पेशी तुमच्या होत्या, पण आता त्यांना तुमची काही खबर लागत नाही. तुम्ही इकडे काय खाता, कुणाशी बोलता, त्यांना कळत नाही. आत्या म्हणाली, "म्हंजे सासरी गेलेली पोर." बाई म्हणाल्या, हो, तसंच. मग त्यांनी सगळं उलगडलं. मगजाबरोबर राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशीही जातात. आपलं कोण, परकं कोण, एवढंच त्यांना समजतं. तुमची-त्याची जुळणी चांगली आहे, तरी बारीकसारीक फरक राहतोच, म्हणून त्यांना काकाची कातडी, पोट, परकं वाटतं आणि त्या तिथं धावतात. यात कुणाच्या मनाचा काही संबंध नाही.

"मग त्यांना सपशेल गप करा की," आत्या म्हणाली. "औषध कमी पडत आसंल तर वाढवा."

तेव्हा बाईंनी जे सांगितलं ते मी वर्गात आजही मुलांना सांगते. त्या म्हणाल्या, पूर्ण गप करायचं नाही. आम्ही औषधं दिली, किरणं दिली, तरी काकाच्या जुन्या आजाराची एखादी पेशी कुठंतरी दडून राहिलेली असते. ती आम्हाला दिसत नाही. ती शोधून मारतात त्या तुमच्याच पेशी. भांडण फार झालं तर माणूस हातचा जाईल, आणि अजिबात झालं नाही तर आजार परत येईल. मग त्यांनी जुळ्यांचं सांगितलं. अगदी सारख्या जुळ्या भावाचा मगज दिला तर अंगावर एक पुरळ उठत नाही, सगळं कसं शांत. पण अशांच्यात आजार परत फिरल्याचं जास्त दिसतं. म्हणून आम्ही रोज बघतो, औषध थोडं वाढवतो, थोडं कमी करतो.

"थोडं भांडण राहू दे, आत्याबाई," बाई म्हणाल्या. "आम्हाला ते हवंय."

आत्यानं एवढा वेळ हात जोडल्यासारखे धरले होते, ते सोडले. कॉरिडॉरमध्ये विहीणबाई बसल्याच होत्या. आत्या त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, ऐकलंत? डाक्टरलाच भांडण पायजे. आणि मग एवढ्या दिवसांचं सगळं तिनं एका दमात बाहेर काढलं, लग्नातल्या घाण्यापासून. वॉर्डबॉय धावत आला. काचेमागून काका बघत होता. आवाज त्याला ऐकू जात नव्हता, पण आत्याचे हात दिसत होते, आणि त्या आजारपणात पहिल्यांदा तो दात दाखवून हसला. भांडण संपल्यावर आत्या खाली जाऊन विहीणबाईंसाठी चहा घेऊन आली. विहीणबाईंनी तो घेतला. त्या रात्री आमच्याकडे बोंबील भाजल्याचा वास पार रस्त्यापर्यंत आला होता.

काकाची कातडी हळूहळू निवळली. पूर्ण नाही. तोंड कोरडं पडायचं, कोपरांवर चट्टे राहिले, बाई ते बघून मान डोलवायच्या. बऱ्याच महिन्यांनी त्याचं रक्त आणि मगज तपासायला घेतला. त्यात दोन गोष्टी निघाल्या. जुन्या आजाराची खूण सापडली नाही, आणि रक्तातल्या जितक्या पेशी बघितल्या तितक्या सगळ्या बाईमाणसाच्या होत्या. म्हणजे आत्याच्या. हे मी घरी समजावून सांगितलं तेव्हा काकाचा चेहरा बघण्यासारखा होता. "म्हंजे मी आता काय झालो?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, फक्त रक्त, बाकी सगळं तुझंच. आत्या चुलीपाशी होती. "मग आजपास्नं भांडी घासायला लाग रं," ती म्हणाली, "रगताला सवय हाय."

काका कामावर रुजू झाला. पहिल्यांदा हलकं काम, मग नेहमीचं. पुढच्या वैशाख पौर्णिमेला तो म्हणाला, कोंडाण्याच्या लेण्यांना जायचं. दरवर्षी आमची माणसं जातात, आजारपणात त्याचं चुकलं होतं. गाव मागं टाकलं की रानातून चढ लागतो, दगडगोट्यांची वाट, उन्हाचा तडाखा. आत्याचे गुडघे तेव्हा धरले होते. अर्ध्या वाटेवर एका आंब्याखाली ती बसली आणि म्हणाली, तुमी व्हा फुडं. काकाकडे बघत काकू म्हणाली, यांनाही बसू दे इथंच, एवढी चढण कशाला. आत्यानं काकूकडे असं बघितलं की काकू मुकाट्यानं चालायला लागली.

वळणावर मी मागं वळून पाहिलं. कॉलेजची चार-पाच पोरं त्याच आंब्याच्या सावलीला येऊन बसली होती आणि केळ्याच्या साली वाटेवर टाकत होती. आत्या काठी टेकत उठून उभी राहिली होती. तिचं तोंड आमच्याकडे नव्हतं, पोरांकडे होतं. एक पोरगा साली गोळा करायला वाकला होता आणि दुसऱ्याच्या हातात आत्यानं आपल्या फडक्यातली भाकरी दिली होती. तिला मी धडधाकट पाहिली ती शेवटची. त्याच पावसाळ्यात तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

काका त्या पौर्णिमेला लेण्यांपर्यंत चढला, मध्ये कुठंही न बसता. त्याला आता वर्षातून एकदाच तपासायला बोलावतात. रक्तात जुना आजार नाही. सुदामकाका बरा झाला.